पुस्तक मिटून अभ्यास कसा करायचा

कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेलं प्रत्येक पुस्तक माझ्या हाताखालून जातं. पानं फाटलेली नाहीत ना, हे बघायला ते चाळावं लागतं आणि चाळताना वाचणाऱ्याचा अभ्यास कसा झाला तेही दिसून येतं. पहिल्या दोन प्रकरणांत जवळजवळ प्रत्येक ओळ पिवळी केलेली असते. तिसऱ्यात रेघा विरळ होतात. पाचव्या-सहाव्या प्रकरणापासून पुढची पानं नव्यासारखी कोरी. विषय कोणताही असो, चित्र फारसं बदलत नाही.

ही मुलं आळशी नसतात. वाचन कक्षात तासन्‌तास बसलेली मी त्यांना रोज पाहते. परीक्षा झाल्यावर त्यांच्यातलंच कुणीतरी काउंटरपाशी येतं आणि म्हणतं, "मॅडम, सगळं वाचलं होतं, पण पेपर हातात आला आणि काही आठवेचना." हे ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं, कारण केलेले कष्ट खरे असतात. अभ्यासाला बस, असं लहानपणापासून सगळेच सांगतात. बसल्यावर नेमकं काय करायचं, हे मात्र फार कमी मुलांना कुणी शिकवलेलं असतं. इतक्या वर्षांत ज्यांचा अभ्यास सुधारताना पाहिला, त्यांनी काय बदललं ते इथे सांगते.

सगळ्यात मोठा बदल एकच: पुस्तक मिटायला शिका.

वाचलेलं कळतं, पण आठवत नाही

तेच पान तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं. वाक्य सुरू झालं की पुढचं काय येणार हेही कळतं. मनाला वाटतं, झालं आपलं. पण समोर असलेलं ओळखणं आणि समोर काही नसताना आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि परीक्षेत दुसरं लागतं.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी मुलांना नेहमी सांगते. एका गटाने विज्ञानावरचा छोटा उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उताऱ्याकडे न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने घेतली तेव्हा पारडं फिरलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. मला त्यातली आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपल्याला जास्त लक्षात राहील असा विश्वास वाचणाऱ्यांनाच अधिक होता. म्हणजे अभ्यास झाल्याची भावना आणि झालेला अभ्यास यांची गाठ पडेलच असं नाही.

पुढे २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन एकत्र तपासलं. ओळी रंगवणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं या दोन्ही सर्वांत लाडक्या पद्धती कमी उपयोगाच्या ठरल्या. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागणं या दोन पद्धती सर्वांत वर आल्या.

आता हे करायचं कसं, ते एका उदाहरणावरून दाखवते.

अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्या टेबलासमोरच्या जागेवर बसायची. 'मागणीची लवचिकता' हे प्रकरण तिने कितीतरी वेळा वाचलं होतं, तरी चाचणीत त्याच प्रश्नाचे गुण गेले होते. मी तिला पुस्तक मिटायला लावलं, एक पाठकोरा कागद दिला आणि म्हटलं, आठवेल ते सगळं लिही. क्रम नको, अक्षर चांगलं नको. मिनिटभरात व्याख्या आली: किंमत बदलली की मागणी किती बदलते याचं माप. पाठोपाठ सूत्र आलं: मागणीतला टक्केवारी बदल भागिले किमतीतला टक्केवारी बदल. मग पेन थांबलं आणि हात आपोआप पुस्तकाकडे गेला. मी पुस्तक माझ्याकडे ओढून घेतलं. थोडा वेळ गेला. पर्यायी वस्तू आहेत की नाहीत, हा घटक तिला आठवला. आणखी थोड्या वेळाने गरजेची वस्तू आणि चैनीची वस्तू हा फरक आठवला. उत्पन्नातला खर्चाचा वाटा आणि मिळालेला काळ हे दोन घटक शेवटपर्यंत आले नाहीत. शेवटी तिने आकृती काढली, सरळ उतरती रेषा, आणि खाली लिहिलं, 'लवचिकता सगळीकडे सारखी.'

मग पुस्तक उघडून तिने लाल पेनाने कागद तपासला. राहिलेले दोन घटक लिहिले. आकृतीपाशी मात्र ती बराच वेळ अडली. सरळ रेषेचा उतार सगळीकडे सारखा असतो, लवचिकता तशी नसते. वरच्या टोकाला, जिथे किंमत जास्त आणि मागणी कमी, तिथे लवचिकता जास्त. खाली येईल तशी कमी. कारण टक्केवारी काढताना प्रत्येक बिंदूला पाया वेगळा असतो. पुस्तकात हे वाक्य होतं आणि तिनेच ते पिवळं केलेलं होतं. डोळ्यांखालून ते अनेकदा गेलं होतं. आपल्याला ते कळलेलं नाही, हे कोऱ्या कागदावर चुकीचं लिहिल्यावर कळलं.

एवढीच पद्धत. चार-पाच पानांचा एक सलग मुद्दा लक्ष देऊन एकदा वाचा. पुस्तक मिटा. कागदावर आठवेल ते उतरवा आणि पेन थांबलं तरी दोन-तीन मिनिटं थांबून राहा, तिथून पळू नका. मग पुस्तक उघडून वेगळ्या रंगाने दुरुस्ती करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहाल तेव्हा त्या वेगळ्या रंगातल्या गोष्टींवर जोर द्या.

सुरुवातीला हे नकोसं वाटेल. अर्धा कागद रिकामा राहील आणि याच्यापेक्षा वाचत बसलेलं बरं, असं मनात येईल. पुष्कळ मुलं इथेच सोडून देतात. त्यांना मी कळकळीने सांगते, की आठवायला जो जोर लागतो त्यानेच ते पक्कं होतं. सोपं वाटायला लागलं की समजा, त्या मुद्द्यावर आणखी बसायची गरज उरलेली नाही, पुढे जा.

वर्गातल्या वहीपासून

वहीचीही सोय अशीच करून ठेवता येते. कॉर्नेल विद्यापीठातले वॉल्टर पॉक यांनी १९५० च्या दशकात पानाची एक मांडणी रूढ केली. डावीकडे पानाच्या पाव भागाहून थोडी जास्त जागा सोडायची, उजवीकडे वर्गात नोट्स घ्यायच्या, तळाला चार-पाच ओळींची जागा ठेवायची. तास संपल्यावर, त्याच दिवशी, डावीकडच्या जागेत प्रश्न लिहायचे. 'लवचिकता' असा मथळा लिहून उपयोग नाही. 'सरळ रेषेवर लवचिकता का बदलते?' असा प्रश्न हवा. तळाला अख्ख्या पानाचं सार स्वतःच्या शब्दांत. उजळणी करताना उजवी बाजू वहीच्या दुसऱ्या पानाने झाकायची, डावीकडचा प्रश्न वाचायचा आणि तोंडी किंवा लेखी उत्तर द्यायचं.

वर्गात प्रत्येक शब्द टिपून घेण्याच्या मागे लागू नका. सरांचं वाक्य जसंच्या तसं उतरवताना हात चालतो, डोकं थांबतं. लॅपटॉपवर टाइप करणाऱ्यांचं हे फार होतं, कारण बोटं पेनापेक्षा वेगाने चालतात. ज्यांना टाइपच करायचं आहे त्यांनी जरूर करावं. फक्त बोललेलं ऐकून मग आपल्या शब्दांत लिहिण्याची सवय लावावी.

आणखी एक. 'मी बघून शिकणारा', 'मी ऐकून शिकणारी' असं स्वतःबद्दल ठरवून टाकणारी बरीच मुलं भेटतात. हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या कल्पनेमागचा पुरावा तपासला आणि शिकवण्याची रीत त्यानुसार बदलावी इतका पुरेसा आधार त्यांना मिळाला नाही. विषयाला जे लागतं ते करा. शरीररचनेला आकृती लागते, कायद्याला कलमाची भाषा लागते, गणिताला हाताने सोडवलेली गणितं लागतात.

विसरणं गृहीत धरून वेळापत्रक

हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विस्मरणावरचं आपलं संशोधन प्रसिद्ध केलं. अर्थ नसलेले अक्षरगट ते स्वतःच पाठ करत आणि काही काळाने तेच पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम लागतात ते मोजत. दुसऱ्यांदा वाचलेल्या या श्रमांना ते बचत म्हणत. तासाभरात निम्म्याहून अधिक बचत गेलेली असे, दिवसाअखेर साधारण दोन-तृतीयांश. त्यापुढे मात्र घसरण मंदावत जाई. महिनाभराने सुमारे एक-पंचमांश बचत शिल्लक होतीच. आपण शिकतो ते अर्थपूर्ण असतं, म्हणून इतक्या झपाट्याने जात नाही. पण गळती सुरुवातीलाच जोरात आणि नंतर हळूहळू, हा आकार लक्षात ठेवण्यासारखा आहे.

त्यावरून वेळापत्रक सोपं होतं. ज्या दिवशी शिकवलं त्याच दिवशी दहा मिनिटं. मग एक-दोन दिवसांनी. मग आठवड्याने. मग तीनेक आठवड्यांनी. प्रत्येक वेळी आधी आठवायचं आणि नंतर बघायचं. परीक्षा जितकी लांब, तितकं दोन उजळण्यांमधलं अंतर वाढवलेलं चालतं. एकाच मुद्द्यावर एका बैठकीत चार तास घालवण्यापेक्षा तेच चार तास तीन आठवड्यांत पसरले तर जास्त टिकतं. वेळ तेवढाच लागतो, फक्त मांडणी बदलते.

व्याख्या, सूत्रं, औषधांची नावं, सनावळ्या, परक्या भाषेतले शब्द अशा सुट्या गोष्टींसाठी कार्डं करा. पुढे प्रश्न, मागे उत्तर. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात याची एक छान रीत मांडली. डब्याला कप्पे करायचे. पहिल्या कप्प्यातली कार्डं रोज, दुसऱ्यातली दोन-तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्याने. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात जातं. चुकलं की थेट पहिल्यात परत. म्हणजे न येणारी कार्डं वारंवार समोर येतात आणि येणारी वेळ खात नाहीत. फोनवर हेच काम 'अंकी' नावाचं अ‍ॅप करतं. दुसऱ्या कुणी बनवलेली हजार कार्डं आयती घेण्यापेक्षा स्वतः केलेली शंभर मला जास्त भरवशाची वाटतात, कारण नेमका प्रश्न तयार करताना निम्मं शिकणं होऊन जातं. एका कार्डावर एकच गोष्ट. 'फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे' हे कार्ड नव्हे, तो अख्खा धडा झाला.

गणितासारख्या विषयांना

गणिताचे आमचे एक प्राध्यापक संध्याकाळी वाचन कक्षात येऊन बसतात आणि मुलं त्यांच्याभोवती जमतात. त्यांची एक तक्रार असते: मुलं एका प्रकारची वीस गणितं ओळीने सोडवतात. सातव्या-आठव्या गणितापासून हात यांत्रिकपणे चालतो, कारण कोणती रीत वापरायची ते प्रकरणाच्या नावातच लिहिलेलं असतं. परीक्षेत नाव नसतं.

ते मुलांना इंटिग्रेशनची दोन गणितं शेजारी-शेजारी लिहून देतात. पहिलं: एक्स गुणिले ई चा एक्स घात. दुसरं दिसायला तसंच, फक्त घातात एक्सऐवजी एक्सचा वर्ग. पहिलं 'बाय पार्ट्स'ने सुटतं. दुसऱ्याला बाय पार्ट्स लावायला गेलं की गुंता होतो. तिथे सबस्टिट्यूशन केलं की दोन ओळींत संपतं, कारण बाहेरचा एक्स हा घातातल्या वर्गाच्या डेरिव्हेटिव्हचाच भाग आहे. सोडवण्याआधी दोन्हींकडे बघून 'इथे कोणती रीत आणि का' हे फक्त सांगायचं, असा ते नियम ठेवतात. मुलं सुरुवातीला चाचपडतात. पण रीत ओळखणं हेच कौशल्य आहे, आणि एका साच्याची वीस गणितं ओळीने सोडवताना नेमका त्याचाच सराव होत नाही.

डग रोहरर आणि केली टेलर यांच्या २००७ च्या प्रयोगात हेच आकड्यांत दिसलं. घनाकृतींचं घनफळ काढण्याचे चार प्रकार होते. एका गटाने एकेक प्रकार ओळीने केला, दुसऱ्याने सरमिसळ करून. सरावाच्या वेळी ओळीने करणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, सरमिसळवाल्यांची ६० टक्के. आठवड्याने चाचणीत ओळीवाले २० टक्क्यांवर होते आणि सरमिसळवाले ६३ टक्क्यांवर.

तेव्हा नवीन रीत शिकताना पहिली चार-पाच गणितं त्याच प्रकारची करा, एवढा आधार लागतोच. त्यानंतर मागच्या प्रकरणांतली गणितं मिसळा. आणि सोडवलेलं उदाहरण वाचून 'कळलं' असं म्हणू नका. उत्तर झाकून पहिली ओळ स्वतः लिहिता येते का ते बघा. अडलात तर एकच ओळ उघडा, पुन्हा झाका, पुढे चला.

सवय लागते ती जागेला आणि वेळेला

पद्धत पटली तरी रोज बसणं होत नाही, अशी पुढची अडचण येते. 'उद्यापासून रोज सहा तास' असा निश्चय करणारी मुलं मला टर्मच्या पहिल्या आठवड्यात दिसतात आणि पुढे दिसेनाशी होतात. टिकतात ती मुलं निश्चय छोटा करतात आणि तपशील पक्का. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 'जर-तर' पद्धतीच्या योजनांवर दीर्घकाळ काम केलं आहे: अमुक झालं की मी तमुक करणार, असं आधीच ठरवून ठेवलं की ते पार पडण्याची शक्यता वाढते. 'रोज अभ्यास करेन' ही इच्छा झाली. 'तीनचा तास सुटला की थेट वाचन कक्षात जाऊन आजच्या वहीतले डावीकडचे प्रश्न लिहीन' ही योजना झाली. हिच्यात वेळ आहे, जागा आहे आणि पहिलं काम आहे. पहिलं काम ठरलेलं नसेल तर बसल्यावरची पंधरा मिनिटं काय करू, या विचारातच जातात आणि तेवढ्यात फोन हातात येतो.

सवय एकवीस दिवसांत लागते, असं सर्रास सांगितलं जातं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. वागणं आपसूक होईपर्यंत सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत होता. महिनाभर झाला तरी अजून रेटावंच लागतंय, म्हणून निराश होऊ नका. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक धीर देणारी वाटते: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. तुमचा एक दिवस बुडाला तर बुडाला. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी, ठरल्या जागी जाऊन बसा. कालचं भरून काढायला दुप्पट बसू नका.

फोनबद्दल थोडक्यात. आमच्या वाचन कक्षात बॅगा बाहेर ठेवाव्या लागतात. फोन बॅगेत ठेवून आत येणारी मुलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवणारी मुलं यांच्या बैठकीत मला स्पष्ट फरक दिसतो. पालथा ठेवलेला फोन दर थोड्या वेळाने उलटला जातो, मेसेज आला नसला तरी. हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर तो असू द्या. अभ्यास फोनवरच असेल, तर तेवढी पानं आधी उतरवून घ्या आणि इंटरनेट बंद करा. एका कामातून दुसऱ्याकडे गेलं की मन काही काळ पहिल्यातच रेंगाळतं. मेसेजला उत्तर द्यायला अर्धं मिनिट लागलं तरी परत लक्ष लागायला त्याहून बराच वेळ जातो.

पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती, ही पोमोदोरो पद्धत फ्रान्सेस्को चिरिलो यांनी विद्यार्थी असताना १९८० च्या दशकाअखेरीस सुरू केली. ज्यांना सुरुवात करणंच जड जातं त्यांच्यासाठी ती उत्तम आहे. पंचवीस मिनिटं कुणीही बसू शकतं. लांबलचक गणित किंवा निबंधाचा कच्चा खर्डा यांना मात्र मला ती अपुरी वाटते. तिथे विचार जुळून येतो तोवर घंटा होते. अशा कामाला पन्नास मिनिटं घ्या आणि विश्रांतीत स्क्रीनऐवजी उठून चार पावलं चाला.

मागे पडलेल्यांसाठी

हा भाग मी मुद्दाम लिहिते आहे, कारण अभ्यासाबद्दलचे बरेचसे सल्ले पहिल्या दिवसापासून नीट चाललेल्यांसाठी असतात आणि माझ्याकडे येणारी मुलं सहसा टर्मच्या मध्यावर येतात, चार प्रकरणं मागे राहिलेली असताना.

पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करू नका. आज वर्गात जे शिकवलं तिथून सुरू करा. आजचं आजच पक्कं झालं की निदान मागचा ढीग वाढायचा थांबतो. पहिल्यापासून सुरू करणारा मुलगा दुसरं प्रकरण संपवतो तोवर वर्ग आणखी दोन प्रकरणं पुढे गेलेला असतो, आणि वर्गातलं काही कळत नसल्यामुळे तो तासही वाया जातो. ती कोरी राहिलेली पानं अशीच तयार होतात.

आजच्या कामानंतर रोज एक ठरलेला तास मागच्यासाठी ठेवा. त्यात आधी मागच्या तीन-चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका घ्या आणि अभ्यासक्रमाचा कागद शेजारी ठेवून कोणत्या घटकाला किती गुण येतात ते लिहा. प्रश्नपत्रिका शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही. त्या सुरुवातीलाच बघितल्या तर काय वाचायचं आणि किती खोल जायचं हे कळतं. पुढची प्रकरणं ज्याच्यावर उभी आहेत तो घटक आधी, मग जास्त गुणांचा, मग उरलेले. एखादा घटक सुटणार हे दिसत असेल तर ते आजच ठरवा. परीक्षेच्या आदल्या रात्री ते ठरवताना हात-पाय गळतात.

जे काम करून शिकतात किंवा ज्यांचा प्रवासात बराच वेळ जातो, त्यांना सलग तास मिळत नाहीत. त्यांनी वाचन आणि लेखन मिळेल त्या शांत वेळेत करावं आणि आठवण्याचं काम प्रवासात. त्याला वही लागत नाही. सकाळी वाचलेल्या मुद्द्यातले पाच भाग मनात मोजायचे, चौथा आठवला नाही की लक्षात ठेवायचं आणि उतरल्यावर बघायचं.

परीक्षा जवळ आल्यावर

प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, पुस्तक न उघडता, पूर्ण वेळ बसून सोडवा. निदान दोन तरी. तीन तास हात चालवण्याचा सरावही लागतो, आणि येत असलेल्या उत्तराला आपण किती जास्त वेळ देतो ते याच वेळी कळतं. तपासताना गुण कमी का झाले त्याची वर्गवारी करा: आठवलंच नाही, आठवलं पण चुकीचं, प्रश्न नीट वाचला नाही, वेळ संपला. चारही रोगांची औषधं वेगळी आहेत. प्रश्न न वाचणाऱ्याने आणखी दहा वेळा धडा वाचून काय होणार?

झोप तोडू नका. दिवसभर शिकलेलं पक्कं होण्याचं काम झोपेतही चालू असतं आणि प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास घेतं, म्हणजे रात्री आठचा कप एक वाजताही अर्धा अंगात असतो. रात्रभर जागून दोन प्रकरणं जास्त वाचली, तरी सकाळी येणारी आठ प्रकरणंही धड मांडता येत नाहीत, अशी अवस्था झालेली मुलं मी परीक्षेच्या सकाळी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर पाहिली आहेत. आधी ठरवून ठेवलेल्या वेळी पुस्तक मिटून झोपा.

गटाने अभ्यास करायचा असेल तर तीन-चार जणांचा गट पुरे. भेटण्याआधी प्रत्येकाने तो भाग वाचलेला असावा आणि भेटल्यावर पुस्तकं मिटलेली. एकाने समजावायचं, बाकीच्यांनी 'का' आणि 'कसं' विचारायचं, मग पाळी बदलायची. नेहमी एकच हुशार मुलगी समजावत असेल तर खरा अभ्यास तिचाच होतो. बाकीचे मान डोलावतात आणि घरी जाऊन पुन्हा कोरे.

एवढं करूनही एखादा मुद्दा डोक्यात शिरत नसेल, तर शिक्षकांकडे जायला संकोच करू नका. पण 'सर, हे प्रकरण कळलं नाही' असं म्हणत गेलात तर ते सगळं पहिल्यापासून सांगतील आणि तुम्ही पुन्हा तिथेच अडाल. तुमचा लाल दुरुस्त्या केलेला कागद सोबत न्या. कुठपर्यंत आलं त्यावर बोट ठेवा, पुढची न कळलेली ओळ दाखवा आणि ती तशी का आहे असं तुम्हाला वाटतं, तेही चुकलं तर चुकलं, पण सांगा. इतका नेमका प्रश्न घेऊन आलेल्या विद्यार्थ्यासाठी बहुतेक शिक्षक आनंदाने वेळ काढतात. आणि त्यांच्या खोलीतून बाहेर पडल्यावर, घरी पोहोचायच्या आत, ते उत्तर एकदा न बघता लिहून काढा.